आजोबांची हेलिओस की नवी पन्नास?

परवा खानापूरहून भाचीचा फोन, मामा आजोबांच्या कपाटात झेनिट, जुना फिल्म कॅमेरा, सापडलाय, त्याची लेन्स माझ्या कॅननला बसंल काय, का नवी पन्नास एमएमची लेन्स घेऊ? अर्धा तास बोललो. हाच प्रश्न आणखी दोघा-तिघांनी विचारलाय, म्हणून सगळं इथंच लिहितो.

तिच्याकडची हेलिओस ४४-२, म्हणजे ५८ एमएम एफ/२, रशियन, एम४२ स्क्रू माउंट, म्हणजे आट्यांनी फिरवून कॅमेऱ्याला बसणारी. नवी म्हणजे कॅननच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या आरएफ माउंटची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम. आकडे जवळजवळ सारखे, पण वापरायला लागलं की दोन्ही एकदम वेगळ्या.

आधी बसण्याचं. बसते की, मस्त बसते. एम४२ लेन्सला माउंटपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं आणि आरएफला ते २० मिमीच आहे, मधले पंचवीस मिमी भरायला अडॅप्टर म्हणजे नुसती पोकळ नळी, आत काच नाही वायर नाही, त्यामुळं स्वस्तातला पण चालतो. सोनी, फुजी, निकॉन झेड, कुठलाही मिररलेस असला तरी हेच गणित. जुना निकॉन डीएसएलआर, म्हणजे आरसावाला कॅमेरा, असलेल्यांनी मात्र थांबा, तिथं अंतर ४६.५ आहे, साध्या अडॅप्टरनं लांबचा डोंगर फोकसच होत नाही आणि काचवाला अडॅप्टर लावला तर फोटो मऊ पडतो. मेन्यूत लेन्स नसताना शटर चालू द्यायचं सेटिंग असतं ते आधी ऑन करा, नाहीतर कॅमेरा बंद पडला असं वाटून घाबराल.

आता खरा फरक. हेलिओसला ऑटोफोकस नाही, अपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडायचं भोक, पण हातानं लहान-मोठं करायचं. ४४-२ ला अपर्चरच्या दोन रिंगा असतात, एकीवर ५.६ ठरवून ठेवायचं, दुसरी पूर्ण उघडून फोकस करायचा आणि मग ती अडेपर्यंत बंद करायची. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत मी असाच तासभर बसलो होतो, १२०४ सालचं जैन मंदिर, आत अंधार आणि ते घोटीव काळे खांब. स्क्रीनवर झूम करून खांबावरची एक कड धरली, रिंग हळूहळू फिरवली, पीकिंगचा, म्हणजे फोकसमध्ये आलेली कड दाखवणारा, लाल रंग त्या कडेवरनं सरकत सरकत पुढं गेला आणि जिथं थांबवायचा तिथं थांबवला. दीड मीटरवर एफ/२ ला जेमतेम पाच सेंटीमीटरच शार्प येतं, श्वास सोडला तरी हलतं. पण खांब पळत नाही! दगड, वाडे, शांत बसलेली आजी, यांच्यासाठी मी हेलिओसच घेईन, डोळे झाकून.

पण शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक? रात्रभर गर्दी, ढोल, पोरं उड्या मारतायत, तिथं हेलिओस नको म्हणजे नकोच. नवी एसटीएम माणसाच्या डोळ्यावर फोकस पकडून ठेवते, समोरच्या हॅलोजनला तोंड देते. हेलिओसच्या काचेवरचं कोटिंग जुनं, प्रकाश समोरनं आला की सगळा फोटो पांढरट होतो, कुणाला तो लूक आवडतो, मला मिरवणुकीत नाही आवडत. लग्नाची ऑर्डर घेणार असाल तर हा प्रश्नच नको, नवी घ्या. वजन पण १६० ग्रॅम, हेलिओस २३० आणि वर अडॅप्टर.

आणि ज्या गोल फिरणाऱ्या बॅकग्राउंडसाठी लोक हेलिओस शोधतात त्याबद्दल एक. तो भोवरा कडेला दिसतो, आणि भाचीचा सेन्सर एपीएस-सी, फुल फ्रेमपेक्षा लहान, म्हणजे कडा कापल्या जातात, ५८ एमएमची लेन्स जवळपास ९३ सारखी दिसते. भोवरा थोडाच दिसंल. फक्त त्याच्यासाठी बाहेरनं विकत घेणार असाल तर फुल फ्रेम असंल तरच घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं, आपला पाऊस. खानापूर-जांबोटीकडं चार महिने कपाटातले कपडे वास मारतात, लेन्स कशी वाचंल? माझी एक चांगली लेन्स चामड्याच्या केसात दोन पावसाळे राहिली, उघडून बघतो तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी. ती कोटिंग खाते, साफ केली तरी डाग राहतात. म्हणून अपर्चर पूर्ण उघडा, मागनं मोबाईलचा टॉर्च मारा, तिरकं बघा. धूळ असली तर चालतंय, धागे किंवा धुरकट थर असला तर फुकट मिळाली तरी दुसऱ्या लेन्सांजवळ ठेवू नका. अपर्चरच्या पात्यांवर तेल आहे काय तेही बघा, रिंग सलग फिरते काय बघा. चामड्याची केस फेकून द्या, हवाबंद डबा आणि सिलिका जेल पाहिजेच.

भाचीनं रात्री फोटो पाठवला, टॉर्चच्या उजेडात काच स्वच्छ, दोन-चार धुळीचे कण. तिला म्हटलं नवी पन्नास आत्ता घेऊ नकोस, अडॅप्टर मागव आणि कॅमेरा घेऊन रविवारी बेळगावला ये, किल्ल्यात जाऊ.