भिंतीवरचा जगाचा नकाशा: घ्या, पण सोबत पृथ्वीगोल ठेवा

धाकटा न्यूयॉर्कला गेला तेव्हा जळगावातून प्लास्टिकचा मोठा नकाशा आणला. छपाई स्वच्छ, गावांची नावं मराठीत, रंग अजून टिकून आहेत. यावलच्या आमच्या ओसरीत लावला. माय रोज बोट फिरवायची: इथून सौदी, मग आफ्रिकेचा वरचा भाग, समुद्र, अन् तिथे माझा पोरगा.

नंतर नातीसाठी पृथ्वीगोल आणला. त्यावर जळगाव ते न्यूयॉर्क सुतळी ताणली, तर ती पश्चिमेला जाईचना! जवळजवळ उत्तरेला निघाली. रशिया, स्वीडन, नॉर्वे करत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी. खरी जवळची वाट ही. माय कितीतरी वेळ सुतळी धरून बसली होती.

नकाशा मर्केटर पद्धतीचा आहे, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची १५६९ची एक रीत. जहाजाची दिशा धरायला ती उत्तम, पण ध्रुवांकडचं सगळं फुगतं, म्हणून उत्तरेची जवळची वाटही त्यावर लांब दिसते. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे १४ पट मोठी. ही पद्धत नकाशाच्या कोपऱ्यात छापायलाच हवी होती, मुलं यावरून शिकतात. त्याचे दोन तारे कापले.

गोलाला पाचपैकी पाच. फक्त स्टँड जरा डुगडुगतो.