एसपीआर बायोसेन्सर: सात महिने वापरून झाल्यावर

लॅबमधे एसपीआरचं (सरफेस प्लाझमॉन रेझोनन्स, पृष्ठभागावर काय चिकटलं ते लाईटवरून ओळखणारं) मशीन येऊन सात महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. आमचं मुख्य काम दुधातलं अफ्लाटॉक्सिन एम१ (बुरशीमुळे येणारं विष) शोधणं, आणि त्यासाठी हे मशीन खरंच आवडलंय. काचेवर साधारण ५० नॅनोमीटरचा सोन्याचा थर असतो, खालून लाईट मारतात, वर काही येऊन चिकटलं की लाईटचा अँगल जरासा सरकतो आणि स्क्रीनवर रेघ चढते, बास. एलायझासारखं (रंगावरून मोजायची नेहमीची अँटिबॉडी टेस्ट) रंग यायची वाट बघत बसायला नको.

एक गोष्ट मात्र नवीन माणसाला आधीच सांगा. टॉक्सिनचा रेणू इतका हलका की नुसता चिकटला तर सिग्नल जेमतेम, म्हणून सगळं उलटं करावं लागतं, चिपवर (म्हणजे त्या सोन्याच्या काचेवर) टॉक्सिन आधीच बसवलेलं आणि अँटिबॉडी (टॉक्सिनला नेमकं पकडणारं प्रथिन) मोजून नमुन्यात मिसळायची. नमुन्यात टॉक्सिन असेल तर अँटिबॉडी तिथेच अडकते, चिपपर्यंत कमी पोचते. म्हणजे रेघ कमी चढली तर नमुना खराब! आमच्या ट्रेनीने पहिल्या दिवशी बरोब्बर उलटा रिपोर्ट लिहिला होता, नशीब मी सही करायच्या आधी बघितला. एम१ची लिमिट अमेरिकेत ०.५ पीपीबी (अब्जात अर्धा भाग), युरोपात ०.०५, इथे असली चूक परवडत नाही.

दूध फॅट न काढता घातलंत तर चिपवर नको ते चिकटतं नि नळी तुंबते, सेंट्रिफ्यूज करून वरची साय काढायचीच. आणि एसीचा झोत मशीनवर नको, तापमान थोडं हललं तरी बेसलाईन (काही चिकटलेलं नसतानाची रेघ) सरकते, यात आमचे दोन आठवडे गेले.

खरा राग आहे तो सेल्सवाल्यावर, म्हणे साल्मोनेला (पोट बिघडवणारा बॅक्टेरिया) अर्ध्या तासात सापडतो. अहो नियम २५ ग्रॅममधे एकही नको असा, आणि मशीन घेतं काही मायक्रोलिटर, म्हणजे आधी रात्रभर एनरिचमेंट (बॅक्टेरिया वाढवून घेणं) आलंच. त्यात हा सेन्सर पृष्ठभागापासून दोन-तीनशे नॅनोमीटरपर्यंतच बघतो, बॅक्टेरियाची जाडीच त्याच्या दुपटीतिपटीची, बराचसा भाग बाहेरच राहतो.

टॉक्सिनच्या स्क्रीनिंगला डोळे झाकून घ्या, पॉझिटिव्ह आलं की एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणारं मशीन) कन्फर्म करा. फक्त डेमोला जाताना स्वतःचा नमुना न्या. आम्हाला दाखवलेले सगळे सुंदर ग्राफ नुसत्या बफरमधले (स्वच्छ क्षारांच्या द्रावणातले) होते, दुधातला एकही नव्हता.