नसलेल्या चिपच्या दुरुस्तीचं बिल

जुना लॅपटॉप तापतो, पंखा केकाटतो, थोड्या वेळात स्क्रीन गोठते नाहीतर मशीन धाडकन बंद पडतं. दुकानात नेलं की मशीन न उघडताच निकाल लागतो: "मदरबोर्ड गेलाय, साहेब. चिपलेव्हलचं काम आहे." अशाच एका बिलाची ही चिरफाड.

लॅपटॉप थिंकपॅड टी४३०, प्रोसेसर आय५-३३२०एम, म्हणजे २०१२ च्या पिढीतला. मालक निवृत्त शिक्षक. बिलावर एकच ओळ: "ग्राफिक चिप रिबॉलिंग, ६,५०० रु." घरी आणल्यावर मशीन गार राहू लागलं, पण ब्राउझरचे चार टॅब उघडले की रखडायचं. दुकानाचं म्हणणं, "सर, जुनं मशीन आहे, एवढं चालायचंच."

या मशीनमध्ये वेगळी ग्राफिक चिप, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी चिप, नव्हतीच. काही टी४३० मध्ये एनव्हिडियाची असते, यात नव्हती. ग्राफिक्सचं काम प्रोसेसरच करतो, आणि या मॉडेलमध्ये प्रोसेसर बोर्डाला डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेला नसतो. तो सॉकेटमध्ये, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या खाचेत असतो. सॉकेटचा स्क्रू फिरवला की हातात येतो. रिबॉलिंग म्हणजे डाग दिलेली चिप उपटायची, तिच्या खालचे सोल्डरचे बारीक गोळे साफ करून नवे बसवायचे आणि चिप परत चढवायची. या प्रोसेसरच्या खाली पिना असतात, गोळे नसतात. मग रिबॉलिंग केलं कशाचं?

मशीन गार झालं ते एका सेटिंगमुळे. विंडोजचे पॉवर ऑप्शन्स, त्यात ॲडव्हान्स्ड सेटिंग, पुढे प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, त्यात मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट. तिथे १०० च्या जागी ७० टक्के केलेलं होतं. टर्बोवर, म्हणजे गरजेपुरता आपोआप वाढणाऱ्या वेगावर, ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा प्रोसेसर १.८ च्या आसपास बांधून टाकला. उष्णता कमी, वेगही कमी. दुरुस्तीहून परत आलेल्या मशीनमध्ये हा आकडा पहिल्यांदा पाहावा. (९९ केलं तरी टर्बो बंद होतो. तात्पुरती सोय म्हणून ते ठीक, पण त्याचे साडेसहा हजार होत नाहीत.)

आकडा १०० करून एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावलं. प्रोसेसरवर पूर्ण भार येताच तापमान १०० अंशांच्या वर गेलं आणि वेग कोसळला. या प्रोसेसरची मर्यादा १०५ अंश. तिथे पोचला की तो स्वतःच वेग उतरवतो, तेवढ्याने भागलं नाही तर मशीन बंद पडतं. कीबोर्ड आणि पामरेस्ट काढून पंखा बाहेर घेतला तेव्हा पंख्याचं तोंड आणि तांब्याच्या पात्यांची जाळी यांच्यामध्ये धुळीची घोंगडीच होती. प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाकडे) नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी भुगा झालेली. दुकानाने मशीन उघडलंच नव्हतं.

खरं काम एवढंच. बॅटरी काढा, पंख्याचा कनेक्टर सोडवा. हीटसिंकच्या स्क्रूंवर आकडे असतील तर त्याच क्रमाने प्रत्येक थोडाथोडा सैल करा. धुळीचा थर चिमट्याने आतून ओढून काढा; नुसता बाहेरून ब्लोअर मारून तो नीट निघत नाही. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंगची वाट लागते. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी घेऊन चिपभर पातळ पसरा. ज्या मशीनमध्ये थर्मल पॅड (पेस्टचंच काम करणाऱ्या मऊ चकत्या) असतात तिथे मूळ जाडीचाच पॅड हवा. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरचा घातला की हीटसिंक प्रोसेसरवरून उचलला जातो आणि मशीन पहिल्यापेक्षा जास्त तापतं.

या मशीनचं तापमान साफसफाईनंतर पूर्ण भारावर ८० च्या घरात स्थिरावलं.

ज्यांत ग्राफिक चिप खरोखर असते, तिथे हीटगन मारून "रिफ्लो" करणारे, म्हणजे चिप न काढता गरम हवेने खालचं सोल्डर वितळवणारेही आहेत. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिप सदोष निघाल्याचं कबूल करून १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. तो दोष चिपच्या आतल्या जोडांत होता. गरम हवेने अशी चिप थोडे दिवस चालते आणि पुन्हा जाते. तोवर दुकानाची वॉरंटी संपलेली असते.

मशीन गोठतं, पण तापमान ६०-६५ च आहे, तर दोष उष्णतेचा नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कचे रिअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (खराब निघालेले आणि संशयित भाग) बघा, रात्रभर मेमटेस्ट लावून रॅम तपासा. पंख्याची सर्व्हिसिंग करून याला काही फरक पडत नाही.

मशीन देण्याआधी रॅम आणि डिस्कच्या सीरियल नंबरचे फोटो काढून ठेवा. आठ जीबी देऊन चार घेऊन आलेले लोक आहेत. पूर्ण भारावरचं आधीचं आणि नंतरचं तापमान जॉबशीटवर लिहून मागा. चिप बदलली म्हणत असतील तर जुनी चिप परत मागा. "रिपेअर चार्जेस" एवढंच लिहिलेलं बिल घेऊ नका, नेमकं काम लिहून घ्या.

शिक्षकांच्या उपयोगी पडला तो बिलावरचा "रिबॉलिंग" हा शब्द. सॉकेटचा फोटो पुढे केल्यावर आधी "बिल करताना मुलाची चूक झाली" असं उत्तर मिळालं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर पाचशे रुपये तपासणीचे कापून बाकीचे परत आले. आले नसते, तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही.