एन्ट्रीला कुठलं, वरातीला कुठलं? इंग्रजी गाणी निवडणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात लग्न ठरलं की हॉल, आचारी आणि फोटोग्राफर यांच्या जोडीला आता गाण्यांची यादीही करावी लागते. त्यात तीन-चार इंग्रजी गाणी हमखास असतात आणि ती निवडली जातात चालीवर. रीलवर दहा ठिकाणी ऐकलं, गोड वाटलं, की गाणं पक्कं. माझा आग्रह असा की शब्द समोर ठेवून गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत ऐका आणि मग ते कुणासमोर वाजणार आहे ते बघा. हॉलमध्ये परदेशातून आलेला मित्र असतो, इंग्रजी शाळेतली भाची असते आणि कागलहून आलेली आजीही असते. त्या दोघांना शब्द कळतात, आजीला ठेका आणि सूर. गाणं तिघांनाही चाललं पाहिजे.

सगळ्यात जास्त विचार रिसेप्शनच्या एन्ट्रीचा करावा, कारण तेव्हा अख्खा हॉल नवरा-नवरीकडेच बघत असतो. इथे बहुतेकांची घालमेल दोन गाण्यांत होते. एक एड शीरनचं ‘परफेक्ट’ (२०१७), दुसरं क्रिस्टिना पेरीचं ‘अ थाउजंड इयर्स’ (२०११). दोन्हींची चाल सहा मात्रांच्या झोक्यावर आहे, आपल्या दादऱ्याच्या जवळची. भावगीतं ऐकत वाढलेल्या माणसाची मान त्यावर आपसूक डोलते, म्हणून भाषा न कळताही ती परकी वाटत नाहीत. पण गोष्ट दोन्हींची वेगळी. ‘परफेक्ट’ आहे लहान वयात प्रेमात पडलेल्यांचं. कॉलेजपासून एकमेकांना ओळखणाऱ्या जोडीला ते अगदी चपखल बसतं. पुढे संसाराची आणि स्वतःच्या मुलाबाळांची स्वप्नंही त्यात येतात. ध्रुवपदाआधी चुंबनाची एक ओळ आहे. वडीलधाऱ्यांसमोर ती अवघड वाटत असेल तर गाणं थेट ध्रुवपदापासून लावा. तिथे गवतावर अनवाणी नाचण्याचं वर्णन आहे आणि लॉनवरच्या रिसेप्शनला ते फार शोभतं.

‘अ थाउजंड इयर्स’मध्ये हजार वर्षं वाट पाहिल्याची भावना आहे. साता जन्मांच्या गाठीवर विश्वास असलेल्या घरात ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पाहण्याचा कार्यक्रम होऊन ठरलेल्या लग्नाला मी हेच सुचवेन, कारण बालपणीच्या प्रेमाची गोष्ट त्या जोडीची नसते आणि वाट पाहणं मात्र दोघांनीही केलेलं असतं. सुरुवातीला पियानो असल्यामुळे दार उघडून पहिलं पाऊल टाकायला वेळही मिळतो. तुझी वाट पाहताना रोज मरत होते, अशी एक ओळ आहे. मला ती खटकत नाही, पण शुभकार्यात तसा शब्दही नको म्हणणारी मोठी माणसं घरात असतील तर आधी विचारून घ्या.

ब्रूनो मार्सचं ‘मॅरी यू’ (२०१०) नावामुळेच यादीत येतं. गाणं उत्साही आहे, मित्रमंडळींच्या संगीतात जरूर लावा. स्टेजवर मात्र नको. त्यातलं लग्न रात्री, पिण्याच्या भरात सुचलेलं आहे आणि सकाळी वेगळं व्हावंसं वाटलं तरी हरकत नाही, असं गाणारा सरळ म्हणतो. मंगलाष्टका होऊन दोन तास झालेले असताना हे शब्द कशाला? ‘द पोलिस’ या बँडचं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ (१९८३) प्रेमगीत म्हणून वाजतं, पण ते एखादीच्या प्रत्येक पावलावर पाळत ठेवणाऱ्याचं गाणं आहे. व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजातलं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ मुळात डॉली पार्टनने १९७४ मध्ये आणलं आणि ते निरोपाचं आहे. ही दोन्ही लग्नातून वगळा. त्यांच्या जागी एल्विस प्रेस्लीचं ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’ (१९६१) घ्या. छोटं, संथ, शब्द स्वच्छ, आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसालाही तितकंच चालतं.

वरातीचं गणित वेगळं. आपल्याकडे वरातीचा जीव हलगीत आहे, तिला बाजूला सारून डॉल्बीवर सलग इंग्रजी गाणी लावू नयेत असं मला मनापासून वाटतं. मध्ये एखादं घ्यायचं तर फॅरेल विल्यम्सचं ‘हॅपी’ आणि शकिराचं ‘वाका वाका’ यांत दुसरं निवडा. ‘हॅपी’चा वेग मिनिटाला १६० ठोक्यांच्या आसपास आहे. बंद हॉलमध्ये टाळ्यांवर ते रंगतं, पण उघड्या रस्त्यावर विरळ वाटतं आणि त्या वेगात मामा-काकांची दमछाक होते. ‘वाका वाका’ २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाचं गाणं. त्याचं ध्रुवपद कॅमेरूनच्या ‘गोल्डन साउंड्स’ या बँडच्या १९८६ च्या गाण्यावरून आलंय आणि त्याची नाळ सैनिकांच्या गाण्याशी आहे. चालत्या मिरवणुकीला ते जमतं ते उगाच नाही. शिवाय शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल मॅच बघत वाढलेल्या पोरांना ते तोंडपाठ असतं. नवरदेव स्वतः मैदानातला असेल तर मग नाद खुळा!

बारसं किंवा मुलीचा पहिला वाढदिवस असेल तर माझ्या मते स्पर्धाच नाही. स्टीव्ही वंडरचं ‘इझन्ट शी लव्हली’ (१९७६) त्याने स्वतःच्या लेकीच्या जन्माच्या आनंदात केलं आणि त्याची सुरुवात बाळाच्या रडण्याने होते. त्याचंच ‘हॅपी बर्थडे’ मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिवसाची राष्ट्रीय सुट्टी व्हावी म्हणून होतं. कडवी त्या मागणीची आहेत, ध्रुवपद मात्र सगळ्यांना एका ऐकण्यात म्हणता येतं, केक कापताना तेवढंच लावा. क्लिफ रिचर्ड यांचं ‘काँग्रॅच्युलेशन्स’ (१९६८) वाढदिवसाला वाजवतात, पण शब्द आहेत प्रेमात यश आलेल्या माणसाचे. ते साखरपुड्याला ठेवा. त्यांचा जन्म लखनौचा, हे निवेदकाला सांगायलाही छान. रॅपर फिफ्टी सेंटचं ‘इन दा क्लब’ वाढदिवसाच्या उल्लेखाने सुरू होतं, पण पुढे दारू आणि नशा आहे. लहान मुलांसमोर अजिबात नको.

आजोबांच्या एकसष्टीला ‘माय वे’ लावायचा मोह होतो. गाणं भव्य आहे, पण सुरुवातच शेवट जवळ आल्याची. लुई आर्मस्ट्राँगचं ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ (१९६७) लावा. जेमतेम सव्वादोन मिनिटांचं, आणि आपल्यापेक्षा पुष्कळ काही शिकणार असलेल्या मुलांकडे बघणारं. नातवंडं शेजारी उभी असताना याहून योग्य गाणं मला माहीत नाही.

परवान्याबाबत: कॉपीराइट कायद्यानुसार लग्न, वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांत गाणी वाजवायला सूट आहे. हॉटेलातला वाढदिवस त्यात धरलेला नाही, म्हणून बुकिंग करतानाच परवान्याचं विचारा. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, त्यामुळे आवडतं गाणं शेवटाला ठेवू नका. डॉल्बीवाल्याला नुसती नावं सांगून भागत नाही. एकाच गाण्याची रीमिक्स आणि शिव्या असलेली रूपंही असतात. स्वतः ऐकलेली फाइल पेन ड्राइव्हवर द्या, ती कितव्या सेकंदाला सुरू करायची ते कागदावर लिहा आणि एन्ट्रीच्या वेळी त्याच्या शेजारी घरातलं एक माणूस उभं करा.