जिम्नीला २३५ चे टायर: सत्तरीच्या चिखलात दहा महिने

गेल्या मे महिन्यात माझ्या जिम्नीचे (मारुतीची छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी) मूळ १९५/८० आर १५ टायर (पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, शेवटचा रिमचे इंच) उतरवले आणि २३५/७५ आर १५ चे ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) चढवले. मधे अख्खा पावसाळा गेला, आता काजू लागले आहेत, मीटरवर अकरा हजार किलोमीटर झाले. एवढ्या वापरानंतर लिहायला हरकत नाही.

आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) गोव्यातल्या सत्तरीत, वाळपईच्या पुढं. डांबरी रस्ता सोडला की दीड किलोमीटर जांभ्याची वाट, मधे एक व्हाळ (ओढा) आणि तो ओलांडला की अंगावर येणारी चढण. जुलैत ती तांबडी माती साबणासारखी होते. मूळ टायरची नक्षी पहिल्या दहा पावलांतच चिखलानं भरून गुळगुळीत व्हायची. बाकी आठवडाभर गाडी फोंडा-पणजी डांबरावरच असते. म्हणून मड-टेरेन (खास चिखलाचे टायर) घेतले नाहीत.

आधी आकड्यांचं. मूळ टायरचा व्यास ६९३ मिलिमीटर, नव्याचा ७३३. म्हणजे गाडीखाली मिळाले फक्त २० मिलिमीटर. २१० चा ग्राउंड क्लिअरन्स २३० झाला. ही वाढ खरी आहे, कारण अॅक्सलच्या मधल्या गोळ्याखाली (त्यात डिफरन्शियल असतं, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) जागा वाढवायला मोठ्या टायरशिवाय दुसरा सोपा उपाय नाही. नुसत्या लिफ्ट किटनं बॉडी उचलली जाते, तो गोळा तिथंच राहतो. व्हाळातले दोन दगड पूर्वी खालून घासायचे, ते आता लागत नाहीत. पण चढण सर झाली ती नक्षीमुळं आणि हवा कमी केल्यामुळं, असं माझं ठाम मत आहे. २८ पीएसआय हवेवर घसरलेली गाडी १८ वर तीच चढण शांतपणे चढली, टायर तेच. ज्यांना फक्त चिखलाचा त्रास आहे त्यांनी २१५/७५ मधले ऑल-टेरेन घ्यावेत. ते मूळ रिमवर बसतात. २३५ साठी मूळ साडेपाच इंची रिम अरुंद पडते, मला सात इंची रिम घ्यावी लागली आणि खर्च तिथंच फुगला.

खर्च वाचवायच्या नादात मी चारच रिम आणि चारच टायर घेतले. स्टेपनी जुनीच चालेल, असं दुकानदार म्हणाला आणि मी मान हलवली. ही माझी सर्वांत मोठी चूक. जुलैतल्या एका रविवारी कुळागरातून परतताना मागच्या उजव्या टायरची बाजू चिऱ्याच्या कडेनं फाटली. हवा कमी असली की टायरचं पोट बाहेर येतं आणि कापलं जातं ते तिथंच. स्टेपनी चाळीस मिलिमीटरनं छोटी. ती मागं लावली असती तर डिफरन्शियल सारा रस्ताभर फिरत राहिलं असतं, म्हणून पुढचं चाक काढून मागं लावलं आणि छोटं पुढं. भर पावसात दोन चाकं बदलली. जॅक चिखलात रुतत होता, तेव्हा बाबांनी गड्याकडून दोन सपाट चिरे आणवून त्याखाली घातले.

पुढं खरी अडचण. जिम्नीत फोर-एच किंवा फोर-एल (चारही चाकांना ताकद; एच वेगासाठी, एल हळू पण जोर लावण्यासाठी) घातलं की पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणारे शाफ्ट एकत्र बांधले जातात. चाकांचे व्यास वेगळे असतील तर चिखलात टायर घसरून तो फरक भरून निघतो, डांबरावर मात्र सगळा ताण गिअरवर येतो. तेवढी चढण फोर-एलमध्ये काढली आणि डांबर लागायच्या आधीच टू-एच (फक्त मागच्या चाकांना ताकद) केलं. घरी पोचेपर्यंत जीव मुठीत होता. बाबा एवढंच म्हणाले, "पाचवं चाक घे, मगच इकडं ये." दुसऱ्याच आठवड्यात दोन टायर आणि एक रिम घेतली.

इंजिनाला हे वजन जाणवतं. सुपारीच्या काट्यावर तोललं, तर नवा टायर जुन्यापेक्षा साडेचार किलोनं जड. १३४ एनएम टॉर्कच्या पेट्रोल इंजिनाला ते लपवता येत नाही. केरीहून चोर्ला घाट चढताना जिथं तिसरा गिअर ओढायचा तिथं आता दुसरा लागतो. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर मात्र उलटं: चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जवळपास सहा टक्के जास्त पुढं जात असल्यानं पाचव्यात इंजिन कमी ओरडतं, मला ते आवडलं. फोर-एलमध्ये काही कमी वाटलं नाही.

मायलेज मोजताना बहुतेक जण फसतात. टायर मोठा झाला की मीटर कमी अंतर दाखवतं. माझी वही लिटरला १२.६ किलोमीटर म्हणते, पण ५.८ टक्के जोडले की खरं १३.३ येतं. आधी १४.५ होतं. काटा पूर्वी ८० दाखवायचा तेव्हा फोनचा जीपीएस ७६ सांगायचा, आता दोन्ही ८० वर येतात. म्हणजे आधी मिळणारी सवलत गेली, वेगमर्यादेच्या पाटीपाशी हे लक्षात ठेवा.

ओल्या डांबरावर ब्रेक लांबतो. उसगाव भागात रस्त्यावर तांबडा गाळ वाहून येतो, तिथं मी अंतर दुप्पट ठेवतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडफ्लॅपला घासायचा, फ्लॅप थोडा कापला. आवाज साठच्या वर येतो, सवय होते.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं, म्हणून विमा कंपनीला आधीच लेखी विचारा. आणि टायर मोठे झाले म्हणून किनाऱ्यावर गाडी घालू नका. गोव्यात ते बेकायदेशीर आहे, आणि मोरजी, आगोंदच्या वाळूत कासवं अंडी घालतात.

आता पाचही टायर आळीपाळीनं फिरवतो. मागच्या दारावरचा स्टेपनीचा टायर नवाकोरा राहिला आणि बाकीचे झिजले, तर व्यासाचा तोच फरक पुन्हा पुढ्यात येईल. मागच्या दाराचा कब्जा मात्र त्या वजनानं हलका कुरकुरायला लागलाय, जूनच्या आधी तो बघून घ्यायचा आहे.