गॅस भरण्याआधी तपासणी करणारे वर्कशॉप: सांगलीतील कार एसी दुरुस्तीचा अनुभव

उन्हाळा सुरू झाला की गाडीचा एसी नीट चालत नाही अशी तक्रार घेऊन जाणाऱ्या बहुतेकांना एकच उत्तर मिळते: गॅस कमी झाला आहे, भरून देतो. सांगली-मिरज रस्त्यालगतच्या एका गल्लीत केवळ कार एसीचे काम करणारे एक लहान वर्कशॉप आहे. तेथे गॅसला हात लावण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे शोधले जाते, आणि म्हणूनच त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

आमच्या गाडीचा एसी पेठ नाक्यापुढे महामार्गाला लागल्यावर उत्तम गारवा देत असे. मात्र विश्रामबागेत सिग्नलला गाडी थांबली की थोड्याच वेळात कोमट हवा येऊ लागे. आधीच्या एका गॅरेजने वजन न करता गॅस भरून दिला होता आणि त्यानंतर त्रास कमी होण्याऐवजी वाढला होता.

येथील मिस्त्रींनी आधी लक्षणे विचारून घेतली. गाडी धावताना आणि उभी असताना फरक पडतो, हे ऐकताच त्यांनी बॉनेट उघडून गेज (दाब मोजणारी मीटरे) लावले. निळी नळी लो साइडला (कमी दाबाच्या बाजूला), लाल हाय साइडला (जास्त दाबाच्या बाजूला). इंजिन बंद असताना दोन्ही काटे सारखेच होते. त्यावर त्यांनी सांगितलेली गोष्ट प्रत्येक गाडीमालकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे: बंद गाडीतला दाब गॅस किती आहे हे सांगत नाही, तो केवळ तापमानानुसार ठरतो. आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला तरी ३५ अंशांना आर-१३४ए चा, म्हणजे आमच्या एसीतल्या गॅसचा, दाब सुमारे ११५ पीएसआयच (दाबाचे एकक) भरतो, मग गॅस पूर्ण असो वा निम्मा. त्यामुळे बंद गाडीवर गेज पाहून ‘गॅस बरोबर आहे’ म्हणणे निराधार ठरते.

इंजिन आणि एसी सुरू केल्यावर खरे चित्र दिसले. आपल्याकडच्या उन्हात हाय साइडचा दाब २०० ते २५० पीएसआयच्या आसपास असावा. आमचा काटा ३०० ओलांडून वर चालला होता आणि लो साइडही वाढलेली होती. गॅस कमी असता तर दोन्ही बाजू खाली आल्या असत्या; गॅस दाबणारा कॉम्प्रेसर थकलेला असता तर लो साइड वर आणि हाय साइड खाली राहिली असती. दोन्ही वर, याचा अर्थ कंडेन्सरमधून (रेडिएटरपुढची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) उष्णता बाहेर पडत नाही किंवा गॅस जास्त आहे.

“काका, गाडी चालूच राहू द्या आणि काट्याकडे बघा,” असे म्हणून त्यांनी कंडेन्सरवर पाण्याची बारीक धार धरली. लाल काटा बघता बघता खाली उतरला आणि डॅशबोर्डच्या जाळीत खोचलेल्या थर्मामीटरचा आकडाही घसरू लागला. कंडेन्सरला हवा कमी पडते आहे, हे अशा रीतीने डोळ्यांसमोर सिद्ध झाले. कंडेन्सरचा पंखा तर फिरत होता, म्हणूनच आजवर कोणाला त्याचा संशय आला नव्हता. मिस्त्रींनी पंख्याच्या प्लगवर मीटर लावून व्होल्टेज पूर्ण येत असल्याची खात्री केली आणि मोटारच झिजून मंदावल्याचे निदान केले. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ व उसाच्या पाचटाचे तुकडे दाटून बसले होते. साखर कारखान्यांच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे राहून गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ही जागा दरवर्षी साफ करून घ्यावी.

नंतर त्यांनी गॅस हवेत न सोडता मशीनमध्ये ओढून घेतला, आणि हे विशेष कौतुकास्पद वाटले, कारण आर-१३४ए ची वातावरण तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक आहे. वजन बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेल्या मात्रेपेक्षा जास्त भरले, म्हणजे आधीचा ‘टॉपअप’ अनावश्यकच होता. मोटार बदलून, कंडेन्सरच्या फिन्स (पातळ पट्ट्या) धुऊन, व्हॅक्यूम मारून (आतली हवा ओढून काढून) आणि तो टिकतो हे पाहून मगच स्टिकरनुसार मोजून गॅस भरला गेला. कोणताही जोड उघडलेला नसल्याने ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) बदलण्याची गरज नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितले; दुसरीकडे तो सहज बिलात चढला असता.

उणिवा आहेत. बसायला जागा नाही, दुपारी पत्र्याच्या शेडखाली थांबणे कठीण जाते आणि वेळ आधी ठरवून मिळत नाही. तपासणीचे शुल्क वेगळे घेतात, ते मला रास्त वाटते. मात्र हाताने लिहिलेल्या बिलावर किती ग्रॅम गॅस निघाला, किती भरला आणि शेवटी दाब किती होता याची नोंद नसते. पुढच्या वेळी गळती आहे की नाही हे ठरवायला हेच आकडे उपयोगी पडतात, म्हणून ते मागून लिहून घ्यावेत. सांगितल्यावर त्यांनी लगेच लिहून दिले. आर-१२३४वायएफ या नव्या प्रकारच्या गॅसच्या गाड्यांसाठी लागणारे मशीन येथे नाही, तेव्हा निघण्यापूर्वी आपल्या गाडीचा स्टिकर पाहून जावे.