1939 चा रुपया, दोन वेगळे 9 आणि माझे 38,680 रुपये

38,500 नाण्याचे, 180 कुरिअरचे. इंदुरात घरबसल्या घेतला. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया, मुंबई टांकसाळ, नाण्याचा दर्जा ठरवणाऱ्या (ग्रेडिंग) बड्या परदेशी कंपनीचा स्लॅब, म्हणजे नाणं सीलबंद केलेली प्लास्टिकची डबी, लेबलावर एयू 58, म्हणजे जवळपास न वापरलेला. स्लॅब बनावट निघाला आणि आतला रुपया 1938 चा. 8 च्या खालच्या गोलाची डावी बाजू कोरून 9 केलेला.

वजन का नाही केलं, असं विचारू नका. स्लॅबमधलं नाणं काट्यावर ठेवणार कसं? आणि ठेवून उपयोगही शून्य. 1938 असो की 1939, दोन्ही 11.66 ग्रॅम, दोन्हींत 91.7 टक्के चांदी. काटा, चुंबक, खणखण, सगळीकडे पास. 1938 चे ढिगाने मिळतात, 1939 चा शोधून सापडत नाही, म्हणून तर हा उद्योग.

पण डोळे होते ना! 1939 मध्ये 9 दोनदा येतो. विक्रेत्याने पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला होता. शेवटच्या 9 चं शेपूट पहिल्यापेक्षा बुटकं, शेजारचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा. दिसलं. दिसूनही म्हटलं, ग्रेडिंगवाल्यांनी पाहिलंच असेल. कोणीही हेच म्हटलं असतं. स्लॅबला जास्तीचे पैसे मोजतो ते कशासाठी?

क्यूआर कोडही स्कॅन केला होता. नंबर, ग्रेड, फोटो, सगळं जुळलं. जुळणारच, साइट ठगांचीच होती, कंपनीच्या पत्त्यात एक अक्षर जास्त. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा. मी उशिरा केला. त्या नंबरावर भलत्याच देशाचं नाणं! नंबर जुळला तरी विसंबू नका, खरे नंबर उचलून छापतात. साइटवरच्या फोटोतला ओरखडा हातातल्या नाण्यावर हवा. स्लॅबच्या सांध्यावर पांढुरकी रेघ दिसली तर तो उघडून चिकटवलेला असू शकतो.

नव्या ग्रेडिंग कंपन्यांचं तर विचारूच नका. घासून चमकवलेल्या नाण्यावर ‘डिटेल्स’, म्हणजे नाण्यात खोट आहे, असं लिहायची हिंमत आहे का? चूक निघाली तर पैसे परत द्यायची लेखी हमी आहे का? मालक स्वतःच नाणी विकतो का? हे आधी बघा.

पोलीस ठाण्यात गेलो तर, “सिक्का तो मिल गया ना, फिर ठगी कैसी?” सायबरवाले म्हणतात ठाण्यात जा, ठाणेवाले म्हणतात सायबरकडे जा. तिसऱ्या खेपेला तज्ज्ञाचा दाखला मागितला. संग्रहालयात गेलो, तिथे खाजगी नाण्यांना दाखला देत नाहीत. बिलावर ‘पुराना सिक्का, 1 नग’ एवढंच. वर्ष, ग्रेड, काही नाही. बिल घेतानाच वर्ष, टांकसाळ, स्लॅब नंबर लिहून घ्या. पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर 1930 लावा, मी अकरा दिवस विक्रेत्याची मनधरणी करत बसलो. स्लॅब फोडू नका, पुरावा तोच. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. अर्ज टाकलाय.

विक्रेत्याने परवा आणखी एक 1939 विकायला लावलाय. 41,000. त्याचेही दोन 9 जुळत नाहीत.